एरर आलाय? आधी वाच तर!

औंध म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? परिहार चौक, ब्रेमेन चौक, शनिवारी संध्याकाळी पार्किंगसाठी मारलेल्या तीन चकरा. पण बॉस, अजून एक औंध आहे. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी. पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचं गाव. चित्रांची आवड असेल, तर १९३८ साली उभं राहिलेलं तिथलं श्री भवानी संग्रहालय तुम्हाला माहीत असेलच. नसेल, तर ‘औंधला आहे’ असं कुणी सांगितल्यावर तुम्ही बाणेरच्या दिशेने गाडी वळवणार हे नक्की.

नाव एक, ठिकाणं दोन. जावा शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत नेमका हाच घोळ भेटतो. जावात ‘डेट’ नावाचे दोन क्लास आहेत. एक ‘युटिल’ नावाच्या पॅकेजमध्ये राहतो, दुसरा ‘एसक्यूएल’च्या. दोन्ही पॅकेजेस सरसकट इम्पोर्ट केली आणि नुसतं ‘डेट’ लिहिलं, की कम्पायलर हात वर करतो: ‘रेफरन्स टू डेट इज अँबिग्युअस’. म्हणजे, राजा, कुठल्या औंधला जायचंय ते तालुका-जिल्ह्यासकट सांग. पूर्ण पत्ता लिहिला की विषय संपला.

आता मी पडले मास कॉमवाली. मला हे कुठून कळलं? तर माझी मामेबहीण त्या दुसऱ्या औंधची. बीएस्सी झालीये, जुन्या लॅपटॉपवर घरी बसून जावा शिकतेय. आणि माझ्या रूममेट्स सगळ्या आयटीतल्या. त्यामुळे गेले सहा महिने रात्री साडेनऊला फोन ठरलेला: ‘ताई, तुझ्या मैत्रिणीला दे ना जरा.’ एकदा तर तिने सरळ जाहीर केलं, ‘ताई, मला नाही जमणार. ही कामं इंग्लिश मीडियमवाल्यांची.’ माझ्या रूममेटने फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, ‘स्क्रीनवर काय लिहिलंय ते मला मोठ्याने वाचून दाखव.’ दोन मिनिटं शांतता. मग पलीकडून आवाज, ‘अय्या, यात तर लाइन नंबर दिलाय!’

खरा लोचा इथे आहे. लाल अक्षरं दिसली की आपण घाबरतो, खिडकी बंद करतो आणि ठरवून टाकतो की आपली अक्कल कमी. खरं म्हणजे एरर हा अपमान नाही, तो निरोप आहे. शाळकरी इंग्रजीत लिहिलेला, थोडा तुसडा, पण बहुतेक वेळा प्रामाणिक. तर सहा महिन्यांच्या फोनांमधून जमवलेले हे नेहमीचे निरोप. तुमच्या टीममधला नवा फ्रेशर, गावाकडचा भाऊ किंवा तुम्ही स्वतः, कुणाच्याही कामी येतील.

प्रोग्रॅम सुरूच होत नाहीये

एक. ‘जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड’. जावा इन्स्टॉल झालंय, पण ते कुठल्या फोल्डरमध्ये बसलंय हे विंडोजला ठाऊक नाही. ‘पाथ’ नावाच्या यादीत जावाच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता घाला, काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडा. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि तासभर डोकं आपटतात. जुनी खिडकी जुनीच यादी धरून बसते.

दोन. क्लासचं नाव ‘नमस्कार’ आणि फाइलचं नाव ‘टेस्ट वन’. पब्लिक क्लास असेल, तर फाइलला त्याचंच नाव लागतं, पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल इथपर्यंत तंतोतंत.

तीन. ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’. बऱ्याचदा आपण चालवताना नावापुढे ‘डॉट क्लास’ लावलेलं असतं. ते काढा, नुसतं नाव पुरतं. २०१८ च्या जावा ११ पासून तर एकाच फाइलचा छोटा प्रोग्रॅम वेगळा कम्पाइल न करता थेट ‘डॉट जावा’ फाइल देऊनही चालवता येतो. शिकणाऱ्यासाठी ही मोठी सोय.

चार. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’. इथे ६५ आणि ६१ असे विचित्र आकडे दिसतात. फंडा सोपा आहे: त्यातून ४४ वजा करा. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे जावा १७. निरोपाचा अर्थ, प्रोग्रॅम २१ वर बनवलाय आणि तुम्ही तो १७ वर चालवताय. मशीनवर दोन-दोन जावा नांदत असले की हे होतंच. एक ठेवा किंवा दोन्हीकडे एकच व्हर्जन वापरा.

एक कंस, चाळीस एरर

सेमीकोलन किंवा महिरपी कंस राहिला, की कधीकधी एररची माळच लागते. चाळीस एरर बघून रडू नका. नियम एकच: फक्त पहिला एरर वाचा, तो दुरुस्त करा, पुन्हा कम्पाइल करा. खालच्यांपैकी बरेचसे त्याचीच पिल्लं असतात. आणि ‘रीच्ड एन्ड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग’ असं आलं, तर कुठलातरी कंस उघडा राहिलाय. त्यावर उपाय म्हणजे सवय: कंस उघडला की लगेच बंद करायचा आणि मग त्याच्या पोटात लिहायचं.

चालतोय, पण उत्तर भलतंच

हा प्रकार जास्त डेंजर, कारण इथे लाल अक्षरं येत नाहीत. पाच भागिले दोन केलं आणि उत्तर दोन आलं? जावा बरोबर आहे. दोन्ही पूर्णांक दिले, तर तो पूर्णांकच परत देतो, अपूर्णांक कापून टाकतो. अडीच हवं असेल, तर एक आकडा ‘दोन पॉइंट झीरो’ असा द्या.

पासवर्ड बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ म्हणतोय? मग तुलना ‘डबल इक्वल टू’ने केलेली असणार. लग्नपत्रिकेच्या दोन प्रती समोर ठेवा. मजकूर तोच, पण कागद दोन. ‘डबल इक्वल टू’ विचारतो, हा तोच कागद आहे का? ‘इक्वल्स’ विचारतो, मजकूर तोच आहे का? शब्दांची तुलना नेहमी ‘इक्वल्स’ने. गंमत म्हणजे कोडमध्येच लिहून ठेवलेले दोन सारखे शब्द जावा एकाच जागी ठेवतो, त्यामुळे कधीकधी चुकीची पद्धतही बरोबर उत्तर देते. आकड्यांच्या ‘इंटिजर’ खोक्यातही तसंच: उणे १२८ ते १२७ पर्यंतची खोकी जावा तयार ठेवतो, म्हणून १२७ ला तुलना जमते आणि १२८ ला फिसकटते. म्हणूनच ‘काल चालत होतं’ या वाक्यावर कुठलाच सीनिअर विश्वास ठेवत नाही.

वय विचारलं, मग नाव विचारलं, आणि नाव टाकायच्या आधीच प्रोग्रॅम पुढे पळाला? ‘स्कॅनर’ने वयाचा आकडा उचलला, पण त्यामागे दाबलेलं एंटर तिथेच पडून राहिलं. पुढच्या ओळीने तेच उचललं आणि समजली की नाव रिकामं आहे. मध्ये एक जादा ‘नेक्स्टलाइन’ टाका. नाहीतर सगळं ओळ म्हणूनच वाचा आणि आकडा नंतर वेगळा काढा.

नल साहेब

आणि आता सगळ्यांचे लाडके, ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’. म्हणजे दारावर पाटी आहे, बेलही आहे, पण आत घरच नाही, आणि तुम्ही बेल वाजवताय. ‘नल’ची ही कल्पना टोनी होर या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाची, १९६५ सालची. २००९ मध्ये एका भाषणात त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. तेव्हा नलवर अडकलात तर कंपनी चांगली आहे. २०२० मध्ये आलेल्या जावा १५ पासून हा निरोप जास्त समजूतदार झालाय. नेमकं काय नल होतं, हे तो थेट सांगतो. जुनं जावा वापरत असाल, तर एवढ्यासाठी तरी अपडेट करा.

प्रोग्रॅम मध्येच कोसळला की जी लांबलचक यादी येते, ती वाचायची पद्धत: सगळ्यात वरची ओळ सांगते काय झालं. मग खाली येत जा आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबा. बाकीच्या ओळी जावाच्या घरातल्या, त्यांना सध्या नमस्कार. ‘कॉज्ड बाय’ असं दिसलं, तर शेवटचं ‘कॉज्ड बाय’ बघा. मूळ दुखणं बहुतेक तिथेच असतं.

आपल्या मराठीची गोष्ट

आता एक खास आपला प्रॉब्लेम. बहिणीने हौसेने ‘औंध’ छापायला लावलं आणि स्क्रीनवर आला भलताच कचरा. मग माझ्या रूममेटने सांगितलेली टेस्ट बघा. त्या शब्दाची लांबी मोजायला सांगा. तीन आली, तर जावाने शब्द बरोबर वाचलाय, दोष फक्त दाखवणाऱ्या खिडकीचा. नऊ आली, तर फाइल वाचतानाच घोळ झालाय: फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि कम्पाइल करतानाही तेच एन्कोडिंग सांगा. २०२२ च्या जावा १८ पासून ते आपोआपच धरलं जातं.

पण डोळ्यांना तर दोनच अक्षरं दिसतात, मग तीन कशी? कारण जावा अनुस्वार वेगळा मोजतो: औ, अनुस्वार, ध. ‘नाव दहा अक्षरांच्या आत लिहा’ असं सांगणाऱ्या फॉर्ममध्ये मराठी नावं का अडकू शकतात, याचं हे एक उत्तर. आणि हो, जावात व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. ‘पगार’ नावाचं व्हेरिएबल बिनधास्त चालतं. ऑफिसात करू नका, टीम लीड मारेल. पण शिकताना करा. इंग्रजीची भीती निम्मी उतरते आणि लॉजिककडे लक्ष जातं.

‘आमच्या गावाचं काम नाही’?

हे वाक्य औंधकडून तर मुळीच येऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. म्हणजे माल तयार, पण चालत नाहीये! १९१० मध्ये त्यांना कुंडलजवळ जागा मिळाली, ती याच औंध संस्थानात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आधाराने. आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ती हीच. राजाने नांगर विकून दिला नाही, उभं राहायला जागा दिली. मदत कशी करावी, याचा याहून भारी धडा नाही.

म्हणून शेवटचा सल्ला शिकणाऱ्याला नाही, तुम्हाला. रात्री फोन येईल, ‘दादा, एरर आलाय.’ तुम्ही दमलेले असाल. दुरुस्त केलेला कोड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं व्हायची इच्छा होईल. टाकू नका. एआयकडून तयार उत्तर मागवून पुढे ढकलणं हाही तोच प्रकार, समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: पहिली ओळ काय म्हणतेय? तुझ्या फाइलचा लाइन नंबर कुठला? चालत होतं तेव्हापासून तू काय बदललंस? एआयलाही विचारायचंच असेल, तर ‘दुरुस्त कर’ऐवजी ‘या एररचा अर्थ मराठीत समजावून सांग’ असं विचारायला शिकवा.

पहिले आठ-दहा फोन लांबतील. मग हळूहळू असं होईल की प्रश्न वाचता-वाचताच पलीकडचा म्हणेल, ‘थांब थांब, कळलं!’ आणि फोन ठेवून देईल. थँक्यूसुद्धा न म्हणता. समजायचं, काम झालं.