शुभ दिवस कोणता?

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग कोलाडच्या नाक्यावरून पुढे इंदापूर, माणगाव करीत महाडला पोहोचतो. २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवशी निळे झेंडे लावलेल्या गाड्या या रस्त्याने महाडकडे जातात. त्या पाहून घरातील लहान मूल विचारते, "आज काय आहे?" वडील उत्तर देतात, "आज पंचवीस डिसेंबर." वाचकहो, हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. तारीख सांगितली म्हणजे तिचा अर्थ सांगितला असे होत नाही. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनी तरी हा भेद नीट ओळखला पाहिजे. म्हणून आजच्या अग्रलेखात या एकाच तारखेचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

वर्तमानपत्रांतून 'आजचा दिवस' अशा मथळ्याचे एक सदर असते. त्यात निरनिराळ्या शतकांतील घटना एका तारखेच्या दोरीत ओवलेल्या असतात. २५ डिसेंबरची दोरी मोठी आहे. सन ८०० मध्ये याच दिवशी रोम येथे पोपने शार्लमेनच्या मस्तकावर सम्राटपदाचा मुकुट ठेवला. १०६६ मध्ये याच दिवशी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठात नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला. १९१४ साली पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरील इंग्रज व जर्मन सैनिकांनी नाताळच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी आपण होऊन गोळीबार थांबविला, खंदकांबाहेर येऊन मेलेल्यांना मूठमाती दिली आणि एकमेकांना भेटवस्तू दिल्या. १९९१ साली याच दिवशी गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला आणि क्रेमलिनवरील सोव्हिएत संघराज्याचा ध्वज खाली उतरला.

या घटनांत एका आकड्यापलीकडे कोणते नाते आहे? आमच्या मते कोणतेही नाही. दिवस पवित्र म्हणून विल्यमने राज्याभिषेकासाठी नाताळ निवडला. पण मठातील जयघोष ऐकून बाहेरच्या त्याच्याच सैनिकांना दंगा झाल्याचा संशय आला आणि त्यांनी आजूबाजूच्या घरांना आगी लावल्या. १९१४ च्या नाताळात ज्यांनी हातात हात दिले, त्यांनाच पुढे पुन्हा बंदुका उचलाव्या लागल्या आणि ते युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ पर्यंत चालले. तारखेत काही सामर्थ्य असते तर ते या दोन्ही प्रसंगी कोठे गेले होते?

किंबहुना तारीख हीच माणसाने केलेली वस्तू आहे. शास्त्रज्ञ न्यूटन इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मला असे त्या देशाचे त्या वेळचे कॅलेंडर सांगते. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तोच दिवस ४ जानेवारी १६४३ हा येतो. बालक एक, जन्मघटका एक, आणि तारखा दोन! येशूच्या जन्माची तारीख बायबलात दिलेली नाही. ती पुढे चर्चने ठरविली. जुने कॅलेंडर पाळणाऱ्या पूर्वेकडील चर्चमध्ये तोच सण आज ७ जानेवारीला येतो. मनुष्य जे ठरवितो ते तो बदलूही शकतो. मग त्या आकड्याला भिण्याचे अथवा त्याच्यापुढे हात जोडण्याचे कारण काय?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आजचा रायगड जिल्हा त्या काळी कुलाबा या नावाने ओळखला जात असे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सनातन्यांनी परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला आणि मागाहून तळ्याची शुद्धी केली. त्या अन्यायास उत्तर म्हणून २५ डिसेंबर १९२७ पासून महाड येथे सत्याग्रह परिषद भरली. मुंबईहून महाडला येण्यास धरमतर बंदरात उतरून मोटारीने नागोठणे, कोलाड, माणगाव असा रस्ता होता. परंतु त्या मोटारवाल्यांवर विसंबता येत नव्हते. म्हणून बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी बोटीने दासगावला उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी चालत गेले. कोलाडच्या वाचकांनी ही गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावी. आज ज्या रस्त्याने निळे झेंडे निर्वेध जातात, त्या रस्त्याने मोटारीत बसून जाण्याचा भरवसाही त्या दिवशी आपल्या नेत्यास नव्हता.

परिषदेला गावात जागा मिळणे कठीण झाले, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी या सभेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच सभेशी केली. पाच मैलांवरच्या बंदरातून पायी आलेल्या, पाण्यासाठी तंटा करण्याची पाळी आलेल्या लोकांपुढे हे शब्द उच्चारले गेले! जगाच्या इतिहासाशी नाते जोडावयाचे ते असे. तारीख जुळते म्हणून नव्हे, तर कार्य जुळते म्हणून त्यांनी फ्रान्सचे नाव घेतले. तेथे जन्मावर आधारलेले अधिकार नाकारले गेले, येथेही तेच नाकारावयाचे होते. त्या रात्री बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही विसरू नये. जन्माचा दिवस ज्याप्रमाणे माणसाचे मोल ठरवीत नाही, त्याप्रमाणे जन्माची जातही ठरवीत नाही.

मात्र त्या अग्नीने तळे खुले झाले नाही. दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम होता, आणि तो ध्यानात घेऊन परिषदेने सत्याग्रह तहकूब केला. खटला चालत राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पंचवीस डिसेंबरच्या एका रात्रीमागे आणि पुढे अशी वर्षानुवर्षांची कागदपत्रे, साक्षी व हेलपाटे आहेत. त्यांची मिरवणूक निघत नाही, म्हणून त्यांचे महत्त्व कमी होत नाही.

तारीख स्वतः काहीच करीत नाही, याचा पुरावा याच महाडच्या इतिहासात दुसऱ्या एका तारखेने दिला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण ठरले. त्याला अनुसरून १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे जाहीर केले. आणि नेमक्या ४ ऑगस्ट १९२७ या दिवशी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! चार वर्षांपूर्वी ज्या तारखेने दार उघडले, त्याच तारखेने ते लावून घेतले. ४ ऑगस्ट शुभ की अशुभ? प्रश्नच व्यर्थ आहे. कागदावर मिळालेला हक्क बजावण्यास माणसे उभी राहिली नाहीत तर तो काढून घेतला जातो, एवढाच त्याचा बोध.

त्याच १९२७ साली भिरा येथील वीजगृह सुरू झाले. मुळशीचे पाणी सह्याद्री उतरून खाली आले आणि कुंडलिका नदीतून कोलाड, रोहा असे वाहू लागले. डोंगर ओलांडून पाणी आणण्याची विद्या ज्या जिल्ह्यात आली होती, त्याच जिल्ह्यात त्या वर्षी माणसाला तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची बंदी होती. अडचण पाण्याची नव्हती, मनाची होती.

आता पंचवीस डिसेंबरच्या पुढच्या वाटचालीकडे पाहा. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोड येथील विहारात भगवान बुद्धाच्या मूर्तीची स्थापना केली. आपल्यापैकी पुष्कळांना ही घटना ठाऊक आहे आणि ती सांगताना आनंद होतो. परंतु १९६८ साली याच दिवशी तामिळनाडूतील त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात किळवेण्मणी या गावी काय झाले, ते आपल्या किती घरांत सांगितले जाते? तेथील अस्पृश्य शेतमजुरांनी मजुरीत वाढ मागितली होती. त्या रात्री जमीनदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेल्या लोकांना झोपडीसह जाळण्यात आले. ४४ माणसे मेली; त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. पुढे मुख्य आरोपी जमीनदार उच्च न्यायालयातून निर्दोष सुटला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. महाडला विषमतेचा ग्रंथ जाळला गेला आणि एकाही माणसाच्या केसाला धक्का लागला नाही. एकेचाळीस वर्षांनंतर त्याच तारखेस त्या ग्रंथाच्या वृत्तीने माणसे जाळली. पोथी जळाली, पण वृत्ती जळाली नव्हती. जो समाज महाडचा पंचवीस डिसेंबर साजरा करील आणि किळवेण्मणीचा विसरेल, तो अर्धीच तारीख पाळतो असे आम्ही म्हणू.

यावरून आपल्या घरातील एका सवयीचा विचार करणे प्राप्त आहे. दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातील देव उतरविले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी लावल्या, परंतु लग्न ठरले की कोणीतरी वडीलधारे हळूच म्हणते, "दिवस बघून घ्या." ब्राह्मणाच्या हातून विधी करून घेणार नाही ही प्रतिज्ञा तर घेतलेली असते, म्हणून भटजीला बोलावीत नाहीत, मात्र त्याचे पंचांग कॅलेंडरच्या पाठीमागे छापून आलेले असते, ते उघडले जाते. पुरोहिताला दारातून बाहेर काढून त्याला खिडकीतून आत घेण्यासारखेच हे आहे.

नक्षत्र जातकात अशीच एक कथा आहे. वाराणसीतील काही मंडळींनी खेडेगावातील मुलगी मागितली आणि दिवस ठरविला. मागाहून त्यांनी आपल्या आजीवकाला विचारले. आधी विचारले नाही म्हणून तो रागावला होता. त्याने नक्षत्र वाईट असल्याचे सांगितले. वऱ्हाड गेलेच नाही. मुलीकडच्या लोकांनी वाट पाहून मुलगी दुसरीकडे दिली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले तेव्हा भांडणापलीकडे हाती काही लागले नाही. मंगल कशाला म्हणावे या प्रश्नाचे भगवंतांनी जे उत्तर दिले, ते महामंगल सुत्त आपण लग्नसमारंभात म्हणतो. त्यात मूर्खांची संगत टाळणे, मातापित्यांची सेवा, विद्या, संयम अशा गोष्टी आहेत. त्यात वार, तिथी अथवा नक्षत्र कोठेही नाही. ते सुत्त ज्या मांडवात म्हणावयाचे, त्या मांडवाचा दिवस पंचांगातून काढणे ही विसंगती नव्हे काय?

कोणी म्हणेल, मग आपण तरी १४ ऑक्टोबर का पाळतो? प्रश्न योग्य आहे. १९५६ साली १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी एकाच दिवशी आली होती. पुढच्या वर्षांत त्या वेगळ्या पडत गेल्या. कोणी तारखेने दीक्षाभूमीवर जातो, कोणी दशमीला. दोघांनाही दोष देण्याचे कारण नाही. कारण दीक्षा तारखेने दिली नाही, ती माणसांनी घेतली. आपण तारीख पाळतो ती पुण्य मिळते म्हणून नव्हे. घेतलेला शब्द वर्षातून एकदा तरी सर्वांनी मिळून आठवावा म्हणून.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना आमचे सांगणे असे आहे. लग्नाचा दिवस ठरविताना सुट्टी पाहा, पावसापाण्याचा विचार करा, मुलांच्या परीक्षा पाहा, कर्ज न काढता जमेल तो महिना पाहा. दिवस शुभ होण्यास एवढे पुरेसे आहे. येत्या पंचवीस डिसेंबरला महाडला जाणार असाल तर अवश्य जा. पण गाडीत बसण्यापूर्वी मुलांना महाड आणि किळवेण्मणी या दोन्ही गोष्टी सांगा. मनुस्मृतीने स्त्रीलाही दास्यात ठेवले, म्हणून महाराष्ट्रातील अनेक स्त्रिया हा दिवस स्त्रीमुक्तिदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आपल्या घराच्या कागदावर घरातील स्त्रीचे नाव आहे की नाही, हे पाहावयास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट करा. घरात एक वही ठेवा. कुटुंबातील पहिली मुलगी शाळेत गेली तो दिवस, वस्तीतील विहिरीवर सर्वांनी पाणी भरले तो दिवस, आजोबांनी गावकीचे हीन काम सोडले तो दिवस, घराने दीक्षा घेतली तो दिवस, हे सारे वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्या. नक्की तारीख आठवत नसेल तर वर्ष लिहा. तेही आठवत नसेल तर कोणत्या पावसाळ्यानंतर, एवढे लिहा. अन्याय झाला असेल तर त्याचाही दिवस लिहा आणि तक्रार कोठे नोंदविली तेही लिहा. राजांच्या राज्याभिषेकाच्या तारखा जगाने जपल्या, कारण राजांजवळ लिहिणारे होते. आपल्या घरांत आता लिहिणारी मुले आहेत. पुढच्या वर्षी मुलाने "आज काय आहे?" असे विचारले, तर त्याच्या हाती ती वही द्या.