लेकराच्या हाती धनुष्य देण्याआधी

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेते झाले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. आपल्या मातीतली ही मुलं पाहून तुमच्याही घरात कुणी हट्ट धरला असेल, मला धनुष्य हवं.

हट्ट चांगला आहे, मोडू नका. फक्त दुकानाच्या आधी मैदानावर जा.

संध्याकाळी सराव चालू असताना मागे उभं राहून अर्धा तास बघा. सगळे नेमबाज एकाच रेषेवरून बाण सोडतात का? शिट्टीला मान आहे का? दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण सोडायला सुरुवात, तीन झाल्या की बाण आणायला जायचं. पाच किंवा जास्त शिट्ट्या वाजल्या तर जिथल्या तिथे थांबायचं आणि दोरीला लावलेला बाण काढून भात्यात ठेवायचा. जगभर हाच रिवाज आहे. जिथे एक जण बाण आणायला गेलाय आणि दुसरा नेम धरून उभा आहे, तिथे मुलाला घालू नका. शिक्षक कितीही नावाजलेले असोत.

मैदान पसंत पडलं की पहिले काही महिने तिथलंच धनुष्य वापरू द्या. मुलाला खरंच गोडी आहे की चार दिवसांची हौस, हे तेवढ्यात कळतं. रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा, स्पर्धेचा चांगला संच लाखांच्या घरात जातो. तेवढे पैसे घालण्याची घाई कशाला? बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड आपल्याकडे शालेय स्पर्धांतही खेळला जातो आणि त्याचा खर्च पुष्कळ कमी असतो. तिथून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

घरी एक साधी परीक्षा घ्या. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांच्या मधे छोटी खिडकी करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. मग डावा डोळा मिटायचा. घड्याळ तिथेच दिसलं, तर मुलाचा उजवा डोळा जोरकस. अशा मुलाने शक्यतो डाव्या हातात धनुष्य धरावं आणि उजव्याने दोरी ओढावी. घड्याळ खिडकीबाहेर गेलं तर उलट. लिहायचा हात आणि जोरकस डोळा वेगवेगळे निघाले तर प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. वर्षभर चुकीच्या बाजूने शिकलेलं मोडायला फार जड जातं.

आता धनुष्याचं वजन. इथेच सगळ्यात जास्त घरं चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दोरी ओढायला किती जोर लागतो ते पाउंडात मोजतात. मैदानावर त्याला पाउंडेज म्हणतात. धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे लिंबवर, तो आकडा लिहिलेला असतो. तो आकडा 28 इंच ओढीचा धरलेला असतो. तुमच्या मुलाची ओढ त्याहून कमी असेल, तर दर इंचामागे साधारण दोन पाउंड कमी होतात.

शाळेचा गणवेश आपण एक माप मोठा घेतो, पोर वाढेल म्हणून. धनुष्य तसं घेऊ नका. जड धनुष्य ओढताना मूल खांदा कानाशी नेतं, कंबर वाकवतं, मान पुढे काढतं. तीच सवय अंगात बसते. पुढे खांदा दुखायला लागतो आणि तो लवकर बरा होत नाही. वाढत्या वयातले सांधे कोवळे असतात. नवख्या मुलाला 14 ते 18 पाउंड पुष्कळ झाले. पूर्ण ओढून हनुवटीशी दहा सेकंद न थरथरता धरता आलं, तरच ते त्याच्या मापाचं. सुट्ट्या भागांचं धनुष्य घ्या. मधली मूठ तीच ठेवून पाती बदलता येतात, म्हणजे ताकद वाढेल तसं दोन-दोन पाउंडांनी पुढे जाता येतं.

कंपाउंडचा हट्ट असेल तर मुलाला समजावून सांगा. त्याच्या टोकांवरच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर भार एकदम हलका होतो, म्हणून ते सोपं वाटतं. पण ते प्रत्येकाच्या ओढीच्या मापाला जुळवून घ्यावं लागतं आणि ते काम घरी जमणारं नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतो आहे, त्यामुळे ओढा वाढणारच. तरी माप आधी, मोह नंतर.

बाण सुरुवातीला लांबच ठेवा. आखूड बाण ओढताना टेकूवरून मागे सरकतो आणि सुटला तर धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. बाणाचा ताठपणाही धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो, नाहीतर मूल बिचारं नीट सोडत असतं आणि बाण भलतीकडे जातो. कार्बनचा बाण रोज हलकेच वाकवून, कानाशी धरून, बोटाने चाचपून बघायला शिकवा. तडा दिसला की तो बाण मोडून टाका. पैसे गेले तर जाऊ देत. तडा गेलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याच्या चिपा हातात शिरतात.

बोटांना टॅब, कोपराखाली आर्मगार्ड, छातीला चेस्टगार्ड. या तिन्हींशिवाय रेषेवर पाठवू नका. केस घट्ट बांधा. ओढणी, गळ्यातली साखळी, लोंबते कानातले, खिशातलं पेन, सगळं काढून ठेवा. दोरी परत येताना जे सापडेल ते ओढून नेते.

नेमाची घाई करू नका. ऑलिंपिकला 70 मीटरवर 122 सेंटिमीटरचं लक्ष्य असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 12.2 सेंटिमीटर. ते बघून मुलं पहिल्या महिन्यातच लांब जाऊ बघतात. त्यांना आधी पाच मीटरवर, लक्ष्याचा कागद न लावता, नुसत्या गवताच्या पेंढीवर सोडू द्या. नेमाची काळजी नसली की शरीराकडे लक्ष जातं.

पाय खांद्यांएवढ्या अंतरावर. धनुष्य मुठीत आवळायचं नाही, अंगठ्याच्या बेचक्यात नुसतं टेकवायचं. दोरीवर तीन बोटं, एक बाणाच्या वर आणि दोन खाली. ओढ दंडातून नाही, पाठीतून यायला हवी. हात प्रत्येक वेळी जबड्याखाली त्याच जागी टेकला पाहिजे, दोरी हनुवटीला आणि नाकाला लागली पाहिजे. सोडताना बोटं उघडायची नाहीत, फक्त सैल करायची. बाण लक्ष्याला लागेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणायचा नाही.

ओढताना धनुष्य आभाळाकडे नेऊ देऊ नका. चुकून सुटलेला बाण मैदानाची भिंत ओलांडून रस्त्यावर जातो. याच कारणासाठी गच्ची, गल्ली आणि शेताचा बांध, तिन्ही ठिकाणी सराव बंद. बाण कुणाच्या अंगावर गेला तर नंतरची हळहळ कामाची नाही.

बाण आणायला धावत जायचं नाही. रुतलेल्या बाणांची मागची टोकं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. बाण उपसताना मागे कुणी उभं नाही ना, ते आधी बघायचं. एक हात लक्ष्यावर दाबून, दुसऱ्याने बाण मुळाशी धरून सरळ ओढायचा.

खांदा दुखतोय असं मूल म्हणालं, तर त्या दिवशी सराव थांबवा. स्पर्धा उद्यावर असली तरी.

घरी आल्यावर रिकर्व्हची दोरी उतरवून ठेवा. त्यासाठी स्ट्रिंगर नावाची दोरी मिळते, गुडघ्यावर वाकवून पाती पिळू नका. दोरीचे धागे पिंजलेले दिसले तर मेण लावा, एखादा तुटला असेल तर दोरी बदला. बाण मोजून कपाटात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा.

आणि बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायचा सगळा जोर तेव्हा धनुष्यातच राहतो. पाती चिरतात, कंपाउंड तर हातात फुटतं. मूल स्वतः हे कधी करणार नाही, त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. करतात ते घरी आलेले काका, मामा आणि शेजारची पोरं. त्यांना धनुष्य कौतुकाने दाखवा, हातात देऊ नका.