चिमणी, विमान आणि तर्काची परीक्षा

विधी अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांत एक प्रश्नप्रकार हमखास आढळतो. छोटा उतारा द्यायचा आणि त्यातील युक्तिवाद कोणत्या विधानामुळे सर्वाधिक दुबळा ठरतो, ते विचारायचे. सोलापूरच्या विद्यार्थ्याला त्याच्या सरावासाठी जाडजूड गाइड चाळण्याची गरज नाही. शहराचा अलीकडचा इतिहास पुरेसा आहे.

सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. तेव्हा 'चिमणी पडली म्हणूनच विमान आले' असे एखादा म्हणेल. 'पाडल्यानंतरही दोन वर्षे विमान आले नाही, म्हणजे ती अडथळा नव्हतीच' असे दुसरा म्हणेल. दोन्ही युक्तिवाद लंगडे आहेत. पहिल्यात नुसत्या क्रमालाच कारण मानले आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, त्यातला हा प्रकार. मधल्या काळात दुसरे काहीच बदलले नाही, हे त्यातील अनुच्चारित गृहीतक. वस्तुतः विमानतळाच्या नूतनीकृत वास्तूचे उद्घाटनच २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. शिवाय परवाने हवेत आणि विमान उडवण्यास तयार असलेली कंपनीही हवी. दुसऱ्या युक्तिवादात 'आवश्यक' आणि 'पुरेसे' यांची गल्लत आहे. एखादा अडथळा दूर होणे आवश्यक असूनही तेवढ्याने काम भागत नाही.

अर्थात, यावरून चिमणीच्या वादात कोण खरे, हे ठरत नाही. युक्तिवाद कच्चा निघाला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही आणि परीक्षार्थी नेमके येथेच घसरतात. निष्कर्ष नाकारणारा पर्याय त्यांना मोहात पाडतो. प्रत्यक्षात पुरावा आणि निष्कर्ष यांमधील दुवा तोडणारा पर्याय शोधायचा असतो.

राज्याची विधी सीईटी २०१६ पासून होते. ती मराठीतूनही देता येते आणि तीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची 'क्लॅट' मात्र केवळ इंग्रजीत. २०२० पासून ती उताऱ्यांवर आधारलेली आहे आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण जातो. मराठी माध्यमातील मुलाला तर्क दिसतो, पण उताऱ्याची भाषा आडवी येते. मग परीक्षा नेमकी कशाची? अन्य भारतीय भाषांतूनही ही परीक्षा व्हावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती, ती उगाच नव्हे.

आणि परीक्षकांचा तर्क तरी निर्दोष असतो का? डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधील दोन प्रश्नांची अधिकृत उत्तरे चुकीची असल्याचे, एका परीक्षार्थीच्या याचिकेवर, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २० डिसेंबर रोजी मान्य केले. प्रकरण खंडपीठाकडून मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा प्रश्न काढण्यातील बेफिकिरीबद्दल न्यायालयाने स्पष्ट नाराजी नोंदवली. त्या परीक्षेत उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायचा, तर प्रत्येक प्रश्नामागे एक हजार रुपये भरावे लागत होते. आक्षेप मान्य झाला तरच ते परत मिळणार. परीक्षकाच्या युक्तिवादातील कच्चा दुवा दाखवण्यासाठी आधी खिसा तपासावा लागतो. ज्या घरात शिकवणीची फीच हप्त्यांनी भरली जाते, तेथील मुलगा बरोबर असूनही बहुधा गप्प बसेल.