तिखट टाळा म्हणे!

मंडळी, गेल्या वीकांताला टीममधल्या लोकांनी ओढून एका वाईन टेस्टिंगला नेलं. तिथले तज्ज्ञ छान समजावत होते. रेडबरोबर मटण, व्हाईटबरोबर मासे, चीज तर कशाबरोबरही. मी हात वर केला, "सर, वऱ्हाडी कोंबडीच्या रश्श्याबरोबर काय?" साहेब गोड हसले. म्हणाले, "तिखट शक्यतो टाळा."

घ्या! द्राक्षं नाशिकची, वाईन नाशिकची, पिणारा वाशिमचा, आणि टाळायचं काय, तर आमचं जेवण. रिक्वायरमेंट न बघता कोड लिहिला तर क्लायंट आम्हाला सोडत नाही. मग वाईनवाल्यांना ही सूट का? जोडी जमवायची तर ताटापासून सुरुवात करा राव, बाटलीपासून नाही.

आणि ती जमते. मागच्या हिवाळ्यात कारंज्याजवळ आमच्या शेतात हुरडा होता, रात्री चुलीवरचा रस्सा आणि ज्वारीची भाकर. मी नाशिकच्या दोन बाटल्या नेल्या होत्या. आधी शिराझ उघडली. एका घोटात सगळ्यांचे कान लाल. कारण साधं आहे. मिरचीने जिभेवरची जी आग पेटते तीच अल्कोहोलने आणखी भडकते, त्यात रेडचा तुरटपणा. मग बर्फाच्या बादलीतली शेनिन ब्लाँ काढली. गार, जराशी गोडसर, अल्कोहोल कमी. काका दोन घोट घेऊन म्हणाले, "हे जमून ऱ्हायलं बे!" अंबाडीच्या भाजीबरोबर मात्र ती मिळमिळीत लागली. आंबटाला आंबटच हवं, तिथे सोव्हिन्यों ब्लाँ घ्यावी. झालं की! यात फ्रान्स कुठे आलं?

काकांची अर्धी नोकरी मेळघाटात गेली. ते म्हणाले, "पण मोहाची काय वाईट होती?" याचं उत्तर मला देता आलं नाही. मोहाची गाळलेली असते, वाईन नव्हे, मान्य. पण फुलांचा वास असलेली, इथल्या मातीतली ती एकच. तिच्याबरोबर काय खावं हे सांगायला एकही तज्ज्ञ नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. आपल्याकडे २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने वाईन सुपरमार्केटात ठेवायचं ठरवलं (मग विरोध झाला आणि ते बारगळलं). त्याच वर्षी एप्रिलमध्ये काजूबोंडं, मोहफुलं यांच्यापासून केलेल्या मद्याला दर्जा द्यायचं ठरलं. कुठला दर्जा? 'विदेशी मद्य'! म्हणजे मेळघाटातल्या मोहाला प्रतिष्ठा हवी असेल तर आधी परदेशी व्हायचं. 

आता कुणी म्हणेल, हा दारूची जाहिरात करतोय. दारूपायी बुडालेली घरं मीही गावात पाहिली आहेत, त्यावर विनोद नाही. प्यायची नसेल त्याने अजिबात पिऊ नये. पण पुण्यात ग्लास हलवला की संस्कृती आणि मेळघाटात द्रोण उचलला की व्यसन, हे गणित मला पटत नाही. आणि आपल्याच ताटाची लाज बाळगून शिकलेली रसिकता तर मुळीच नको.

असो. पुढच्या टेस्टिंगला डब्यात रस्सा घेऊन जाणार आहे. साहेबांनी टाळून दाखवावा :)