तडजोडींनी जवळ आणलेली यादवी

महाभारतात शिष्टाई फसली आणि युद्ध झाले. सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी देणार नाही, असे दुर्योधनाने बजावल्यावर कुरुक्षेत्राखेरीज दुसरा मार्ग उरला नाही. बोलणी संपली की शस्त्रे निघतात, ही समजूत त्यामुळे भारतीय मनात पक्की रुजलेली आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवीचा इतिहास मात्र या समजुतीला छेद देतो. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिण या दोन विभागांत जेव्हा जेव्हा बिकट प्रसंग उभा राहिला तेव्हा तेव्हा तेथे समर्थ मुत्सद्दी पुढे आले आणि तोडगा निघाला. १७८७, १८२० आणि १८५० या तिन्ही वेळी शिष्टाई सफल झाली; आणि दर सफलतेगणिक युद्ध एकेक पाऊल पुढे सरकले. याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तडजोड दोघांत होत असे आणि तिची किंमत तिसरा मोजत असे. हा तिसरा, म्हणजे गुलाम, कोणत्याच बैठकीस हजर नव्हता.

फिलाडेल्फिया येथे १७८७ साली राज्यघटना तयार होत असताना लोकप्रतिनिधींची संख्या कशी ठरवावी, हा वाद निघाला. गुलामांना मत नव्हते, नागरिकत्व नव्हते, स्वतःच्या मुलांवरही हक्क नव्हता. पण त्यांची शिरगणती आपल्या बाजूने व्हावी, असा दक्षिणेचा आग्रह होता. अखेर पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब ठरला. ज्याला पायांत बेडी त्याच्याच नावावर मालकाला जादा जागा, असा हा व्यवहार होता. गुलामांची आयात १८०८ पूर्वी बंद करता येणार नाही, हेही त्याच घटनेत लिहिले गेले. एवढे सारे करून ‘गुलाम’ हा शब्द मात्र घटनेत कोठेही येऊ दिला नाही. शब्द लिहिण्याची लाज वाटावी, पण वस्तू सोडवू नये, अशी ही मनःस्थिती होती. तरीही घटनाकारांना निव्वळ ढोंगी म्हणणे न्यायाचे ठरणार नाही. ही प्रथा हळूहळू आपोआप झडून जाईल, असे त्यांच्यापैकी अनेकांना मनापासून वाटत होते.

ती आशा कापसाने धुळीस मिळविली. सरकी वेगळी करण्याचे यंत्र एली व्हिटनी याने १७९३ साली काढले आणि दक्षिणेतील काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. १७९० साली अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ते सुमारे ३९ लाख ५० हजार झाले. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. गुलामांची बाजारातील किंमत तीन अब्ज डॉलरांच्या घरात गेली. देशातील रेल्वेमार्ग आणि कारखाने यांत गुंतलेले भांडवलही तिच्यापुढे थिटे होते. यात उत्तरेचे हात स्वच्छ होते असेही नाही. न्यूयॉर्कचे सावकार त्या पिकावर कर्जे देत, तेथील जहाजे ते वाहून नेत आणि लँकेशरच्या गिरण्या त्याचे कापड विणीत. पुढे युद्धामुळे हा कापूस बंद झाला तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अफाट भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि सट्टा माजला. १८६५ मध्ये शांतता झाल्याची वार्ता त्याच मुंबईत दिवाळखोरीची वार्ता ठरली. माणसाच्या दास्यावर उभा असलेला धंदा किती दूरवर पसरलेला होता, याची ही मुंबईला मिळालेली खूण.

अशा स्थितीत १८२० साली मिसुरीचा प्रश्न आला. सिनेटमध्ये गुलामगिरी असलेली व नसलेली राज्ये समसमान होती. मिसुरीला गुलामगिरीसह प्रवेश दिल्यास तोल ढळणार, म्हणून त्याच्या जोडीला मेन हे मुक्त राज्य घेतले गेले आणि पश्चिमेकडील प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशावर रेघ ओढण्यात आली. रेघेच्या उत्तरेस माणूस माणूस होता, दक्षिणेस तो मालमत्ता होता. या तोडग्याचे त्या काळी मोठे कौतुक झाले. वृद्ध जेफर्सनला मात्र या रेघेत संघराज्याचा मृत्यू दिसला, आणि ती भीती अनाठायी नव्हती. नीतीचा प्रश्न एकदा भूगोलाचा प्रश्न झाला की प्रत्येक नवे राज्य, प्रत्येक नवा मुलूख, हा दोन विभागांतील बळाच्या मोजदादीचा विषय होतो. प्रादेशिक भेद सर्वच मोठ्या देशांत असतात. हवा, पिके, बोली, जकातीविषयीचे मत यांवरून सहसा कोणी भावाच्या उरावर बसत नाही. अमेरिकेत या सर्व भेदांना एकाच रेषेवर आणून उभे केले ते गुलामगिरीने.

मेक्सिकोकडून जिंकलेल्या मुलखावरून १८५० मध्ये पुन्हा पेच पडला. हेन्री क्ले याच्या मसुद्यावरून जी तडजोड झाली तिच्यात कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आले, आणि मोबदल्यात दक्षिणेला पळपुट्या गुलामांविषयीचा कडक कायदा मिळाला. उत्तरेत आश्रयास आलेल्या माणसाला पकडून देणे या कायद्याने भाग पडले. आरोपीला ज्यूरी नव्हती, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नव्हती. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला मालकाच्या हवाली केले तर दहा डॉलर आणि सोडून दिले तर पाच डॉलर, अशी फी कायद्यानेच बांधून दिली होती! १८५४ साली अँथनी बर्न्स याला बॉस्टनच्या रस्त्यांतून सैन्याच्या पहाऱ्यात बंदरावर नेण्यात आले, तेव्हा आजवर अलिप्त राहिलेल्या सज्जनांना गुलामगिरी आपल्या दाराशी दिसली.

दक्षिण लढली ती राज्यांच्या हक्कांसाठी, असे पुढे वारंवार सांगण्यात आले. हा कायदा त्या दाव्याचा बुरखा फाडतो. आपल्या हद्दीत आलेल्या माणसाला संरक्षण देण्याचा मॅसॅच्युसेट्सचा हक्क दक्षिणेने कधी मानला नाही; तेथे तिला केंद्राचे सैन्य हवे होते. साउथ कॅरोलिनाने डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना जो जाहीरनामा काढला त्यातील मुख्य तक्रार हीच होती की, उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत.

राष्ट्र फुटण्यापूर्वी राष्ट्राला सांधणाऱ्या संस्था फुटतात, हेही या इतिहासात स्पष्ट दिसते. १८४४ मध्ये मेथडिस्ट पंथ दुभंगला, १८४५ मध्ये बॅप्टिस्ट. एकच बायबल, पण त्यातून दोन परस्परविरोधी धर्माज्ञा निघू लागल्या. १८५४ साली स्टीफन डग्लस याच्या कायद्याने मिसुरीची जुनी रेघ पुसली, कॅन्ससमध्ये रक्त सांडले आणि व्हिग पक्ष नामशेष झाला. १८५६ मध्ये सिनेटच्या सभागृहातच प्रेस्टन ब्रूक्सने चार्ल्स सम्नरला काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. दक्षिणेतून ब्रूक्सला नव्या काठ्या भेट म्हणून आल्या. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयाला नागरिकत्वच नाकारले आणि न्यायसंस्थेवरील उत्तरेचा विश्वास उडाला. १८६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षही फुटला. एकमेकांशी बोलण्याच्या जागा अशा एकेक करून बंद झाल्यावर लिंकन सुमारे ४० टक्के मतांनी निवडून आला. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्याला एकही मत पडले नव्हते.

लिंकनने असलेली गुलामगिरी मोडण्याचे नव्हे, तर ती न वाढू देण्याचे वचन दिले होते. म्हणूनच क्रिटेंडन याने जुनी रेघ पुढे वाढविण्याची जी शेवटची योजना मांडली तिला त्याने नकार दिला. या नकाराने युद्ध ओढवले असे म्हणणारे आहेत. पण तो होकार देता तरी आणखी एका पिढीची विक्री पुढे चालू राहती, यापलीकडे काय साधते? जुन्या तडजोडींनी मिळालेल्या काळात उत्तरेची लोकसंख्या आणि कारखाने वाढले आणि म्हणून युद्ध जिंकता आले, हा युक्तिवाद मात्र खोटा म्हणता येत नाही. फक्त त्याच काळात गुलामांच्या तीन पिढ्या जन्मल्या आणि राबल्या, हे त्या जमाखर्चात बहुधा मांडले जात नाही.

युद्धात सव्वासहा लाखांच्या आसपास माणसे मेली. अलीकडील अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातो. बैठकीस कधीच न बोलावलेला तिसरा पक्ष आता स्वतःहून आत आला. हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत पोचले आणि सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या गणवेशात लढले. डिसेंबर १८६५ मध्ये घटनेतूनच गुलामगिरी हद्दपार झाली.

पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी हे दास्य नष्ट करण्यासाठी स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केले. त्या सुमारास दक्षिणेतील मुक्त झालेले लोक मतदान करीत होते. मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स १८७० मध्ये सिनेटवर जाऊन आले होते. पुढे चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा निकाल लावताना उत्तर व दक्षिण यांच्यात पुन्हा एक तडजोड झाली. दक्षिणेतील राज्यसरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले, दोन विभागांचे मनोमीलन झाले आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार हळूहळू काढून घेण्यात आला. कायद्याने त्याचे खरेखुरे संरक्षण होण्यास १९६५ साल उजाडावे लागले.