घर आपले, धूळ मात्र शेजाऱ्याच्या खात्यावर



दिवाळी झाली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात बांधकामांना जोर येतो, तो थेट पाऊस पडेपर्यंत. चिखली, मलकापूर, खामगाव, देऊळगाव राजा, कुठेही जा. रस्त्याच्या कडेला खडीचे आणि क्रश सँडचे ढीग, आणि दुपारभर फरशी कटरचा आवाज. नेमके याच दिवसांत आपले पापड, कुरडया, शेवया गच्चीवर वाळत असतात. उन्हाळ्यात कुलर बाहेरची हवा ओढून घरात सोडतो, म्हणजे शेजारच्या बांधकामाची धूळ आपणच वीजबिल भरून घरात आणतो. ‘काय बाई ही धूळ’ म्हणून आपण फडके हातात घेतो. पण हा विषय फडक्याने सुटणारा नाही. धूळ जिथे उडते तिथेच थांबवायला हवी, आणि त्याची सुरुवात आपल्या समाजाच्या घरांपासून आणि मंदिरांपासून व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

जी धूळ टेबलावर दिसते ती फडक्याने निघते. त्रास देते ती न दिसणारी. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासाबरोबर आत जातात, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर पोचतात. १० मायक्रॉनच्या आतल्या कणांसाठी आपल्या देशात चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ४५ सुचवली.

मुंबईत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली हवा इतकी बिघडली की महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले : ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फूट पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा ताडपत्री, झाकलेली वाहने, बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाके धुणे. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे डिसेंबर २०२४ अखेर बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली बांधकामे पालिकेने थांबवली.

‘ते मुंबईचे, आपल्याकडे कुठे एवढ्या इमारती?’ असे कोणी म्हणेल. पण केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली जी शहरे आहेत, त्यांत अकोला, जालना आणि जळगाव आहेत. तिन्ही आपल्या शेजारच्या जिल्ह्यांची ठिकाणे. आपले एकही गाव त्या यादीत नाही, म्हणून आपली हवा चांगली असे समजण्याचे कारण नाही. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना मेहकर, सिंदखेडराजाकडे मुरमाची टिप्पर धावायची, तेव्हा कडेची कपाशी कशी मातकट दिसायची ते त्या भागातल्या मैत्रिणींना आठवत असेल.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे हिशेबाच्या अंगाने बोलते. घर बांधताना सिमेंट, लोखंड, मजुरी सगळे वहीत येते. शेजारच्या आजींच्या खोकल्याचे औषध, चार घरांचे पुन्हा धुतलेले कपडे, वाया गेलेले वाळवण हे मात्र कुठेच लिहिले जात नाही. तो खर्च झालेला असतोच. फक्त दुसऱ्याच्या खात्यावर टाकलेला असतो. दुकानात एक रुपया इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या आपल्या घरांना हे शोभत नाही. हिरवी जाळी आणि दोन-चार ताडपत्र्या यांचा खर्च घराच्या एकूण खर्चात शोधावा लागेल इतका कमी असतो.

आता आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याकडे वळू. ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झचा ओटा आपण हौसेने निवडतो. तो कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून कोरडाच दगड कापतो. त्या भुकटीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारे औषध नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या दगडात सिलिका फार जास्त असते, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्यावर बंदी घातली. मुंगीला पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या आपल्यासमोर, आपल्याच अंगणात एका माणसाचा श्वास कमी होतो. घमेले वाहणाऱ्या बाईचे लेकरू त्याच धुळीत झोळीत निजलेले असते. अहिंसेचा विचार त्यांच्यापर्यंतही पोचायला हवा.

एक अडचण तुमच्या मनात येईल, ती माझ्याही मनात आहे. धुळीवर सगळे पाणी मारायला सांगतात. आपण पाणी गाळून आणि बेताने वापरणारे, अप्काय जीवांचा विचार करणारे. त्यात आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावे आहेत. रस्त्यावर टँकर ओतणे मलाही पटत नाही. पण पाणी हा शेवटचा उपाय आहे. आधी झाकणे. झाकलेली वाळू उडतच नाही. कटरच्या पात्यावर पडणारी बारीक धार पुरते आणि भुकटी जागीच बसते. स्लॅब, भिंतींना ओले बारदान गुंडाळले तर पाणी कमी लागते.

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्येच धूळ रोखण्याचे नियम काढले आहेत. उघड्यावर दगड-फरशी कापायची नाही, साहित्य रस्त्याच्या कडेला साठवायचे नाही, उघड्या गाडीतून न्यायचे नाही, हे त्यांत आहे. आपल्याकडे नियम कागदावर राहतात, कारण घरमालक ठेकेदाराला विचारत नाही. घराचे नकाशे, टाइल्स, रंग यांत आपला शब्द चालतो, मग इथेही चालवा. काम देतानाच लिहून घ्या :

• वाळू, मुरूम, राडारोडा रोज संध्याकाळी ताडपत्रीखाली.
• गल्लीच्या बाजूने हिरवी जाळी, गिलावा आणि घासकाम संपेपर्यंत.
• फरशी, ग्रॅनाइट आडोशाला आणि पाण्याच्या धारेखालीच कापायचे. कापणाऱ्याला रुमाल नाही, चांगला मास्क.
• टिप्पर झाकूनच येईल आणि झाकूनच जाईल.
• झाडताना कोरडा झाडू नाही, आधी हलका शिडकावा.

मंदिराचा जीर्णोद्धार किंवा समाजभवनाचे काम निघाले तर हीच यादी पंचकमिटीपुढे ठेवा. बोली लावून दान देणाऱ्या घरातल्या बाईला एवढे विचारण्याचा हक्क आहे. जे आपल्या मंदिराच्या कामात पाळले जाते ते गावात आपोआप रूढ होते. मग नगर परिषदेकडे बांधकाम परवानगीत या अटी घाला म्हणून आपल्याला ताठ मानेने जाता येईल.

तुमच्या गावात कोणी असे काम नीट झाकून केले असेल तर कळवा, किती खर्च आला तेही सांगा. पुढच्या लेखात आकड्यांसह मांडेन.

जय जिनेंद्र.