कुलूप आपले, किल्ली कोणाची?

संगणक अडला की दोष वापरणाऱ्याचा, ही आपल्या तंत्रज्ञ मंडळींची जुनी समजूत आहे. एके सकाळी विंडोजचा संगणक सुरू करावा, तर नेहमीच्या पडद्याऐवजी निळा पडदा यावा आणि त्याने अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मागावी, असा प्रसंग अलीकडे अनेकांवर येतो. ही किल्ली आपल्याला कधी मिळाली होती, हे त्या गृहस्थांना आठवत नाही. पुष्कळदा ती त्यांच्या हाती कोणी दिलेलीच नसते. तरीही उत्तर मिळते, 'तुम्ही ती जपून ठेवायला हवी होती.' ह्या उत्तरातील उद्धटपणा सोडून देऊ. त्यातील तर्क तपासला पाहिजे.

संगणक सुरू होताना पहिला प्रोग्रॅम मान्यताप्राप्त सहीचा आहे की नाही, हे पाहणारी व्यवस्था म्हणजे सिक्युअर बूट. विंडोज ८ बरोबर, २०१२ साली, ती घरोघरच्या संगणकांत आली. बिटलॉकर त्याहून जुने, व्हिस्टाच्या काळातले. ते डिस्कवरील सारा मजकूर कूटबद्ध करते. त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपच्या पहाऱ्यात असते आणि सुरुवातीची अवस्था पूर्वीच्या नोंदीशी जुळली तरच ती चिप किल्ली सोडते. सिक्युअर बूट बंद केले, मदरबोर्ड बदलला, कधी कधी नुसते बायॉस नवे केले, की नोंद जुळेनाशी होते. चोरीला गेलेल्या लॅपटॉपातील कागदपत्रे चोराला वाचता येऊ नयेत, हे मला पूर्णपणे मान्य आहे. कुलपाला माझा विरोध नाही.

विरोध आहे तो कुलूप न विचारता घालण्याला. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज घातलेल्या बहुतेक संगणकांवर, अगदी होम आवृत्तीवरही, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच हे कुलूप आपोआप लागते आणि किल्लीची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. बँकेच्या लॉकरलाही दोन किल्ल्या असतात. पण तेथे करारावर आपली सही होते आणि आपली किल्ली आपल्या हातात पडते. येथे पैसे मोजणाऱ्यालाच किल्लीसाठी कंपनीच्या दारी जावे लागते. पासवर्ड विसरला आणि मध्यंतरी फोन क्रमांकही बदलला, तर ते दारही बंद. उलट कायदेशीर आदेश आल्यास आपल्याजवळची प्रत कंपनी सरकारच्या हवाली करू शकते. मालकी आणि ताबा ह्यांतील भेद मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवला. इतके स्वच्छ उदाहरण तेव्हा हाताशी नव्हते!

'वापरणाऱ्याने काहीतरी बदलले असेल' हा बचावही टिकत नाही. जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मासिक सुधारणेनंतर काही संगणक किल्ली मागू लागले. ज्या ऑगस्टच्या सुधारणेने तो दोष दूर केला, तिनेच विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स सिक्युअर बूटच्या नावाखाली अडवले. त्याचे निराकरण व्हायला २०२५ चा मे उजाडला. मधल्या काळात, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइकच्या सदोष फाइलमुळे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. आपल्याकडील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. ती फाइल काढून टाकणे हे मिनिटांचे काम होते. पण जेथे बिटलॉकर होते, तेथे आधी प्रत्येक यंत्राची किल्ली शोधणे आले. ह्यात सामान्य कारकुनाने काय बदलले होते?

आणि सिक्युअर बूटला चालणारी सही कोणाची? बाजारातल्या बहुतेक संगणकांवर लिनक्ससुद्धा मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या आधाराने सुरू होते. त्या कंपनीच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ च्या जूनपासून संपत जाणार, म्हणून साऱ्या जगाने आपापली यंत्रे नवी करून घ्यायची! बहुतेक संगणकांत मालकाला ही तपासणी बंद करता येते हे खरे. पण ती बंद केली की बिटलॉकर किल्ली मागण्याचा संभव असतोच. परवाना-राज संपले म्हणून १९९१ नंतर ज्यांनी पेढे वाटले, त्यांना हे खासगी परवाना-राज मात्र खुपत नाही.

मागणी अगदी साधी आहे. कुलूप लावण्यापूर्वी स्पष्ट विचारावे, तेही मराठीत, आणि किल्ली कागदावर उतरवून घेतल्याशिवाय ते लावू नये. सरकारी कार्यालयांनी व महाविद्यालयांनी संगणक खरेदीच्या निविदेतच ही अट घालावी आणि किल्ल्यांची नोंदवही आपल्या कपाटात ठेवावी. दुरुस्तीवाल्याने बायॉसला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. ही सोय विंडोजमध्ये आहे, ती सांगण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

तोवर वाचकांनी आजच आपली किल्ली छापून घ्यावी. कागदावर किल्लीबरोबरच तिचा ओळख क्रमांकही हवा, कारण निळ्या पडद्यावर तोच दिसतो आणि घरात दोन संगणक असले तर कोणती किल्ली कोणाची हे त्यावरूनच कळते. किल्ली कोठेच सापडली नाही, तर विंडोज पुन्हा घालून यंत्र चालू होईल. आतले फोटो, हिशेब आणि हस्तलिखिते परत मिळणार नाहीत.